चप्पल मागे राहिली आणि आईला कळलं नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या आई ५६ वर्षांच्या. यावल तालुक्यातल्या गावी असतात, अजूनही निंदणीला आणि कापूस वेचायला जातात. टाचांना भेगा पडून रक्त येतं. उजव्या तळव्याला अंगठ्याच्या मागे कुरूप आहे. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि सकाळी उठल्या उठल्या टाच टेकवत नाही. साखर आठ वर्षांपासून आहे, गोळ्या चालू आहेत. शेजारच्या मावशींनी भेगांवर बिब्बा लावायला सांगितलाय, तो लावावा का, असं तुम्ही विचारलंय. आणि अगदी शेवटी, गंमत म्हणून, एक ओळ लिहिली आहे: परवा अंगणात चालताना आईच्या पायातली चप्पल मागेच राहिली, दहा-बारा पावलं गेल्यावर तुमच्या मुलीने दाखवली तेव्हा त्यांना कळलं, आणि घरात सगळे हसले.

बिब्बा लावू नका. बाकी सगळ्यावर खाली लिहितो. पण मी या भागात २६ वर्षं पाय तपासतोय, आणि तुमच्या प्रश्नातली ती शेवटची ओळ मला सगळ्यात आधी धरावीशी वाटते.

चप्पल निसटली आणि कळलं नाही, म्हणजे तळव्याची जाणीव कमी झाली असण्याची मोठी शक्यता आहे. रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की संवेदना वाहून नेणारे तंतू खराब होतात, आणि सगळ्यात लांब तंतू आधी. म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते आणि बधिरपणा मोजा चढवावा तसा वर सरकतो. काहींना आधी मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते. काहींना नुसतं कापसावर पाय ठेवल्यासारखं वाटतं. आणि बऱ्याच जणांना काहीच वाटत नाही. हे शेवटचे लोक माझ्याकडे सगळ्यात उशिरा येतात.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट आहे. एक शेतकरी पायाची जखम दाखवायला आले होते. कापूस निघाल्यावर पऱ्हाट्या तोडल्या की जमिनीत सड राहतात, ते किती टोकदार असतात तुम्हाला माहीत आहे. तसला एक सड रबरी चप्पल फोडून तळव्यात घुसला होता. चार दिवस त्याच पायावर चालत होते. मी विचारलं, दुखतंय का? म्हणाले, ‘‘काहीच दुखत नही, डॉक्टर.’’ मला ते ऐकून बरं वाटलं. जखम धुतली, आत राहिलेली काडी काढली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या आणि पाठवलं. साखर किती हे विचारलं, पण स्पर्श कळतो का हे तपासलं नाही, आणि या पायावर भार देऊ नका हेही बजावलं नाही. दुखत नसल्यामुळे ते दुसऱ्या दिवशी शेतात होते. दोन महिन्यांनी दोन बोटं काढावी लागली. ती चूक माझी होती. तेव्हापासून ‘दुखत नाही’ हे वाक्य ऐकलं की मी खुर्ची पुढे ओढून पाय मांडीवर घेतो.

ही गोष्ट वैद्यकाला फार जुनी माहीत आहे, आणि ती शिकवली कुष्ठरोग्यांच्या पायांनी. लोकांचा समज होता की कुष्ठरोगात हातापायाचं मांस आपोआप झडतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ पासून काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं झडतात ती वेदना कळेनाशी होते म्हणून. खडा रुततो, चटका बसतो, फोड फुटतो, माणूस थांबत नाही. तुमच्याआमच्या पायात खडा गेला तर आपण दोन पावलांत लंगडतो. हे लंगडणं म्हणजे पायाची राखण आहे. साखरेने बधिर झालेल्या पायाची ती राखण गेलेली असते. मधुमेहामुळे ज्यांचा पाय किंवा बोट कापावं लागतं, त्यांच्यातल्या शंभरातल्या जवळपास ८५ जणांत सुरुवात एका साध्या जखमेने झालेली असते.

आता घरी एक तपासणी करा. गावी गेलात की आईंना आडवं करा, डोळे मिटायला सांगा. तुमच्या तर्जनीचं टोक त्यांच्या पायाच्या अंगठ्याच्या टोकाला हलकेच टेकवा, एक-दोन सेकंद, दाबायचं नाही, टिचकी मारायची नाही. कळलं की त्यांनी ‘उजवा’ किंवा ‘डावा’ म्हणायचं. असं दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला, उलटसुलट क्रमाने. एकूण सहा स्पर्श होतात. नाही कळलं तर त्याच जागी पुन्हा स्पर्श करून बघायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त कळले नाहीत, तर पाय बधिर झाला आहे असं धरून चाला आणि डॉक्टरांकडे न्या. दवाखान्यात नायलॉनचा एक बारीक तंतू असतो, तो तळव्याला टेकवला की १० ग्रॅम दाबाला वाकतो. तो दाब कळतो का हे पाहतात. कंप देणारा चिमटा घोट्यावर धरतात आणि पायाच्या पाठीवरची व घोट्यामागची नाडी बघतात. दहा मिनिटांचं काम आहे. ज्याला साखर आहे त्याचं वर्षातून एकदा तरी हे झालं पाहिजे, आणि जाणीव गेलेली असेल तर दर तीन-चार महिन्यांनी.

आणखी एक विचारून घ्या. आईंच्या गोळ्यांत मेटफॉर्मिन आहे का? बहुतेक असेल. ती गोळी चांगली आहे, बंद करू नका. पण ती वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊ शकतं, शाकाहारी घरात तर जास्तच, आणि त्यानेही पाय बधिर होतात. रक्ताची एक तपासणी करून ते कळतं आणि ते भरून काढता येतं. पायावर कुठे फिकट किंवा लालसर चट्टा असून तिथे स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाचीही तपासणी करून घ्या. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि रोग पूर्ण बरा होतो. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आता भेगा. तळव्याच्या कातडीत घामाच्या ग्रंथी भरपूर असतात, पण तेल सोडणारी ग्रंथी एकही नसते. म्हणून ती लवकर कोरडी पडते. उघड्या चपलेत किंवा अनवाणी उभं राहिलं की टाचेची गादी दोन्ही बाजूंना फाकते, आणि वरची जाड कोरडी कातडी ताणली जाऊन तडकते. उन्हाळ्यात आपल्या काळ्या जमिनीचं जे होतं तेच. साखरेच्या माणसात यात भर पडते, कारण घाम आणणारे तंतूही मंदावतात आणि पाय घामतच नाही. म्हणजे आईंच्या भेगा आणि ती मागे राहिलेली चप्पल, या कदाचित एकाच झाडाच्या दोन फांद्या आहेत.

उपाय स्वस्त आहे, पण रोज करावा लागतो. रक्त येणाऱ्या खोल भेगांवर आधी तीन-चार दिवस नुसतं साधं व्हॅसलिन भरून स्वच्छ पट्टी बांधा. तोंडं मिटली की युरिया असलेलं मलम आणा, २० ते २५ टक्क्यांचं. उघड्या भेगेत ते झोंबतं, म्हणून आधी व्हॅसलिन. अंघोळीनंतर आणि रात्री झोपताना चोळायचं, वर सुती मोजे घालून झोपायचं. बोटांच्या बेचक्यांत मात्र मलम लावायचं नाही, तिथे ओल नको. तीन आठवड्यांत टाच ओळखू येणार नाही. नंतरही आठवड्यातून दोन-तीनदा चालू ठेवायचं, सोडलं की भेगा परत येतात.

ज्यांना साखर नाही आणि जाणीव शाबूत आहे, त्यांनी दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय बुडवून वजरीने हलक्या हाताने घासायला हरकत नाही. आईंना यातलं काही नको. पाय धुवा, टिपून कोरडे करा, मलम लावा, बस. पाणी गरम आहे का हे त्यांच्या पायाने बघू नका, तुमच्या कोपराने बघा. चुलीवरच्या पाण्यात साखरेच्या माणसाने पाय बुडवला आणि कातडी सोलून निघाली तरी कळलं नाही, असे पाय दर हिवाळ्यात येतात.

बिब्ब्याबद्दल मावशींचा राग करू नका. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या काटा मोडला की बिब्बा, भेग पडली की बिब्बा, असंच चालत आलंय, आणि त्यामागे दवाखाना लांब असल्याचा काळ आहे. पण बिब्ब्याचं तेल कातडी भाजतं. धडधाकट पायावर फोड येतो, आग होते, माणूस पुढच्या वेळी शहाणा होतो. बधिर पायावर तोच भाजका भाग आठवडाभर कुणाच्या लक्षात येत नाही. तेच गरम गुळाच्या चटक्याचं, तेच भेगेत ओतायच्या गरम मेणाचं. राळेचं मलम घरात असेल तर ते थंड करून टाचेवर लावायला माझी हरकत नाही.

कुरूप मला भेगांपेक्षा जास्त काळजीचं वाटतं, आणि ते त्याच्या जागेमुळे. अंगठ्याच्या मागे, तळव्याच्या गादीवर, चालताना सगळ्यात जास्त भार येतो. जिथे दाब, तिथे कातडी स्वतःला वाचवायला जाड होते. मग तो जाड थरच आत खड्यासारखा रुततो. बधिर पायात या थराखाली जखम तयार होते आणि वरून झाकलेली राहते. त्या घट्ट्यात काळा किंवा जांभळा ठिपका दिसला, तर आत रक्त साकळलंय असं समजा आणि त्याच आठवड्यात दाखवा.

दुकानात कुरुपाच्या गोल पट्ट्या मिळतात. त्यांत तीव्र आम्ल असतं, ते कुरूप आणि चांगली कातडी असा भेद करत नाही. साखर असलेल्याने त्या लावू नयेत. ब्लेडने घरी तासणं तर नकोच, आणि बाजारात बसून कुरूप काढणाऱ्याकडेही नको. सर्जनकडे किंवा पायांचं काम करणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. ते जाड थर तासून देतात, रक्त येत नाही आणि दाब लगेच उतरतो. पण चप्पल बदलली नाही तर सहा आठवड्यांत कुरूप परत तिथेच. (तुमच्या स्वतःच्या पायाला कधी झालं तर एक खूण लक्षात ठेवा: वरून दाबल्यावर दुखतं ते कुरूप, दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर दुखतं आणि आत काळे बारीक ठिपके दिसतात ती बहुधा चामखीळ. दोघांचे उपचार वेगळे.)

चिखल्यांचं कारण बुरशी आणि ओल. निंदणीत दिवसभर ओल्या मातीत पाय, केळीच्या बागेत ठिबकची ओल, घरी आल्यावर पाय धुतले पण पुसले नाहीत. बेचकी पुसायला एक वेगळा सुती कपडा ठेवा. क्लोट्रिमॅझोलचं मलम दिवसातून दोनदा लावा आणि बरं दिसायला लागल्यावरही दोन आठवडे चालू ठेवा. सगळेजण इथेच सोडून देतात. एक विनंती: दुकानातून ‘खाजेची ट्यूब’ म्हणून मिळते ती आणू नका. तशा अनेक ट्यूबांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी आत पसरत राहते आणि मग ती खऱ्या औषधालाही लवकर दाद देत नाही. चिखली क्षुल्लक वाटते, पण ती फाटलेली कातडी जंतूंना दार उघडं करून देते. पावसाळ्यात पाय गुडघ्यापर्यंत लाल होऊन सुजलेले आणि थंडी वाजून ताप आलेले जे पेशंट येतात, त्यांच्या बेचक्या मी आधी उघडून बघतो.

टाचदुखीचं थोडक्यात सांगतो. सकाळचं पहिलं पाऊल दुखतं आणि चालल्यावर सैल होतं, म्हणजे तळव्याचा जाड पट्टा टाचेशी जिथे जोडलेला आहे तिथे ताण आहे. एक्सरेत टाचेचं हाड वाढलेलं दिसेल, त्याला घाबरू नका, न दुखणाऱ्या टाचांतही ते दिसतं. खाटेवरून उतरण्याआधी पाय लांब करून तळव्याला टॉवेल अडकवायचा आणि बोटं स्वतःकडे ओढून धरायची, तीस सेकंद, तीनदा. भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची, दिवसातून दोनदा. घरातही मऊ चप्पल. बहुतेकांचं दुखणं काही महिन्यांत ओसरतं. टाचेत इंजेक्शन घ्यायची घाई करू नका, साखर असताना तर मुळीच नको. आणि टाच दुखते म्हणजे पाय बधिर नाही, असा निष्कर्ष काढू नका. खोलवरचं दुखणं कळतं आणि वरचा स्पर्श कळत नाही, असे पाय मी रोज बघतो.

चपलेवर मी पेशंटशी औषधापेक्षा जास्त वेळ बोलतो. आपल्याकडे बाईमाणसाची चप्पल घरातली सगळ्यात शेवटची खरेदी. मुलांचे बूट होतात, बापाची वहाण होते, आईची पट्टी तारेने बांधलेली असते. तुम्ही पुण्याहून येताना साडी आणता, यंदा चप्पल आणा. अंगठा धरणारी रबरी स्लीपर नको, ती पायातून निसटते आणि बोटं तिला धरून ठेवायला आवळावी लागतात. मागे पट्टा असलेली, पुढून रुंद, तळ बाहेरून कडक आणि आतून मऊ अशी हवी. मोची किंवा पायांच्या दवाखान्यात ‘एमसीआर चप्पल’ मागा. सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराचा तो तळ कुष्ठरोग्यांसाठी वापरात आला आणि साखरेच्या पायालाही तितकाच मानवतो. माप संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडा सुजतो. कागदावर आईंना उभं करून पाय आखून घ्या आणि तो कागद चपलेत ठेवून बघा. कुठे दुमडला तर ती चप्पल घेऊ नका. ‘घट्ट वाटते का’ हे त्यांना विचारून उपयोग नाही, बधिर पायाला घट्ट चप्पलच बरी वाटते.

शेतात या चपलेने भागणार नाही. सड, बाभळीचे काटे, बोरीचे काटे यांसाठी जाड तळाचे बंद बूट आणि आत सुती मोजे लागतात. पहिल्या दिवशी अर्धा तासच घालायला सांगा, मग पाय बघा, लाल झालंय का. आणि घालण्याआधी बूट उलटा करून झटकायचा, आत हात फिरवायचा. विंचवासाठी आपण हे करतोच. खडा, खिळा, काटा यांसाठीही करायचं. एकांच्या बुटात नातवाची काचेची गोटी दिवसभर राहिली होती आणि त्यांना पत्ता नव्हता.

चैत्रात खान्देशातून सप्तशृंगी गडाकडे पायी जाणाऱ्यांचे जथे निघतात. ऊन चढलेलं असतं, भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या आसपास जाणारे दिवस जवळ आलेले असतात आणि डांबर तापलेलं असतं. अनेकांचा अनवाणी जायचा नवस असतो. आईंचा असेल तर मी त्यांना श्रद्धेविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. माझ्या आईनेही गड अनवाणी चढला आहे. पण बधिर तळव्याला डांबराचा चटका कळत नाही आणि संध्याकाळी मोजा काढावा तशी कातडी सुटते. हे मी अनेक चैत्रांत पाहिलंय. जाणत्या पुजाऱ्यांशी बोला, नवसाला दुसरी वाट निघते. देवळाच्या फरशीवरही भर दुपारी मोजे घालून जाऊ द्या. ज्यांचा पाय निरोगी आहे त्यांना चालताना फोड आला तर त्याची वरची कातडी सोलू नका, तीच सगळ्यात चांगली पट्टी असते.

तुमच्या वडिलांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण घरात कुणी बिडी ओढत असेल तर त्यांचेही पाय बघा. थोडं चाललं की पोटरी भरून येते, थांबलं की सुटते, पुन्हा चाललं की भरते: हे रक्त कमी पोहोचत असल्याचं लक्षण आहे. बिडीने पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडून तरुण माणसांची बोटं काळी पडतात. यावर बिडी पूर्ण सोडल्याशिवाय कुठलंच औषध टिकत नाही.

काही गोष्टींत थांबायचं नाही, त्याच दिवशी निघायचं. बोट काळंनिळं झालं. जखमेला वास येतोय किंवा पू आहे. लाली वर चढतेय, ताप आहे. किंवा एक पाय अचानक सुजला, लाल झाला, दुसऱ्यापेक्षा गरम लागतोय आणि तरी फारसा दुखत नाही. या शेवटच्यात आतली हाडं खचत असू शकतात. मुरगळलं असेल म्हणून चोळू नका, त्या पायावर चालू देऊ नका. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं आहेत. तालुक्याला सर्जन नसेल तर थेट तिकडे न्या. आणि बधिर पायाला कितीही लहान जखम झाली तरी पहिलं औषध म्हणजे त्या पायावरचा भार काढणं. पट्टी, गोळ्या त्यानंतर.

रोजचं काम तुमच्या मुलीला द्या. आईंना स्वतःचा तळवा वाकून दिसत नसेल, आणि आरशात बघायचा त्यांना कंटाळा येईल. रात्री जेवणं झाल्यावर आजीचे दोन्ही पाय मांडीवर घ्यायचे, बेचक्या उघडून बघायच्या, तळव्यावरून हात फिरवायचा, कुठे ओलं, गरम, लाल लागतंय का ते सांगायचं. मुलगी सुट्टीपुरतीच गावी असेल, तर बाकीच्या दिवशी शेजारच्या त्या मावशींनाच सांगा. बिब्ब्याची माया त्यांना आहेच, ती या कामी येईल. नखं सरळ कापायची, कोपरे खोल कोरायचे नाहीत, नाहीतर नखुरडं होतं.

पुढच्या वेळी गावी गेलात की ते सहा स्पर्श करा आणि किती कळले ते मला लिहा. कुरुपाचा फोटो दिवसाच्या उजेडात, जवळून काढून पाठवा. तोवर आईंची ती निसटणारी चप्पल वापरातून काढून टाका.